ओघळ पुसू नका

एकोणीस जानेवारी, रविवार. आमच्या मुलुंडच्या इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी धुऊन घ्यायची होती. सोसायटीची सेक्रेटरी मी आहे, आणि टाकी धुणाऱ्यांच्या डोक्यावर उभं राहिलं नाही तर ते वरवर झाडू फिरवतात आणि तळाचा गाळ तसाच ठेवतात, हे मला अनुभवाने माहीत आहे. शिडीवर चढून मी आत टॉर्च मारत होते तेव्हा फोन वाजला. माझ्याबरोबर साइटवर काम करणाऱ्या नंदाची धाकटी बहीण उषा. "शैलाताई, ताई गेली. सकाळी." मी "बरं" म्हणाले. अशा वेळी माणसं काय बोलतात ते मला कधी जमलेलं नाही. "कधी नेणार?" एवढं विचारलं, फोन ठेवला आणि टाकीवाल्यांना सांगितलं की कोपऱ्यात अजून गाळ आहे. गाळ निघाला, झाकण बसलं, मग मी खाली येऊन साडी बदलली. घाटकोपरला जायला रिक्षात बसले आणि मला भीती वाटायला लागली. आधी भीतीच आली, दुःख नंतर सावकाश आलं. भीती कशाची, ते सांगायचं तर आधी नंदा सांगावी लागेल. नंतर पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे तिच्या आठवणीसाठी सगळे जमले त्या दिवशी उषा मला म्हणाली, "तुम्ही लिहा ताई. आम्ही तिला घरी बघितलं. कामावर ती कशी होती ते तुम्हालाच माहीत." म्हणून लिहिते आहे.

नंदा गायकवाड आमच्या साइटवर क्वालिटी बघायची, मी प्लॅनिंग. दोघी एकाच वयाच्या, दोघींना चष्मा एकाच वर्षी लागला. आम्ही इमारती बांधत नाही, जोडतो. भिंती, जिने, स्लॅबचे तुकडे दूरच्या कारखान्यात ओतले जातात, ट्रेलरवर उभे राहून शहरात येतात आणि क्रेनने जागेवर बसवले जातात. त्यात मोटारीच्या कारखान्यांतून आलेली एक पद्धत आमच्या कंपनीने उचलली. लीन म्हणतात तिला. सार सोपं आहे: काही साठवून ठेवायचं नाही, कुणी कुणाची वाट बघत बसायचं नाही, एकदा केलेलं काम पुन्हा करायची वेळ येऊ द्यायची नाही. भिंत गेटवर आली की जमिनीवर टेकवायची नाही, ट्रेलरवरून थेट जागेवर. साइटवर रेतीचा ढीग नाही, सिमेंटच्या गोण्यांच्या थप्प्या नाहीत. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की इथे काम बंद पडलंय. मला ही पद्धत मनापासून आवडते. माझ्या स्वयंपाकघरातही मी महिन्याचं सामान भरत नाही. नंदालाही आवडायची, पण तिचं एक वाक्य ठरलेलं होतं. शिकवायला आलेले सल्लागार म्हणाले, साठा कमी केला की चुकीला लपायला जागा उरत नाही. नंदा माझ्या कानाशी पुटपुटली, "जागा कशी उरत नाही? भिंत आहे ना."

ती चेष्टा करत नव्हती. खालच्या मजल्यातून सळया वर आलेल्या असतात आणि वरच्या भिंतीच्या पायाशी आत नळ्या असतात. भिंत खाली उतरवताना सळया त्या नळ्यांत शिरतात. मग नळीच्या खालच्या भोकातून सिमेंटचा पातळ, खास लगदा पंपाने भरायचा. त्याला ग्राऊट म्हणतात. तो आत चढत जातो आणि वरच्या भोकातून बाहेर आला की समजायचं, नळी भरली. मग रबरी बूच ठोकायचं. वरच्या भोकाखाली भिंतीवर त्या लगद्याचा एक ओघळ राहतो, बोटभर रुंद, करडा, बेढब. नळी भरल्याची तेवढीच एक खूण बाहेर दिसते. त्यावर प्लास्टर, रंग, कुणाचं तरी कपाट, कुणाचा तरी देव्हारा आला की त्या नळीत काय आहे ते जगाच्या अंतापर्यंत कुणी बघणार नाही. आणि इमारत त्या नळ्यांवर उभी.

नंदा भित्री होती. हे मी तिच्या तोंडावर म्हणायचे, आता छापते. पालीला भ्यायची, हायवे ओलांडायला भ्यायची, आमच्या साइटच्या लिफ्टमध्ये डोळे मिटून उभी राहायची. घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत तिचं लहानपण गेलं. वडील वाशिमकडून आलेले, बंदरावर हमाली करायचे. घरामागे डोंगर थोपवून धरणारी दगडी भिंत होती. पावसाळ्यात रोज सकाळी चहाच्या आधी वडील बाहेर जाऊन त्या भिंतीवर तळवा ठेवायचे, ओल कुठपर्यंत आली ते बघायला. आईला ते अपशकुनी वाटायचं. "पडली का कधी?" मी एकदा विचारलं. "नाही पडली." "मग?" "मग काय? बाबा हात लावायचे म्हणून नाही पडली, असं काही मी म्हणत नाही. पण हात लावायचे." त्यावर तिने माझ्या डब्यातलं भरलं वांगं उचललं आणि विषय संपवला.

सकाळच्या उभ्या मीटिंगमध्ये आज काय पुरं होणार हे प्रत्येकाने सांगायचं, असा लीनचा रिवाज आहे. नंदाने त्याच्या पुढे आपला एक रिवाज जोडला. आज कशाची भीती वाटते तेही प्रत्येकाने सांगायचं. साइटवर कुणालाही काम थांबवायची मुभा होती, तसा फलकही होता, पण मुभा वापरतो कोण? हेल्मेट घातलेला माणूस भीती वाटते असं म्हणत नाही. पहिल्या दिवशी फोरमन सलीमभाई हसले. "डर किसका मॅडम? ऊपरवाले का." नंदा म्हणाली, "ऊपरवाल्याची मला पण आहे. ऊपर क्रेनवाला बसलाय." हशा झाला. कुणी सासूचं नाव घेतलं, कुणी बायकोचं. कामगार त्याला 'डर मीटिंग' म्हणायला लागले. नंदा मात्र रोज आपली भीती खरी सांगायची. अमुक जोड मी बघितला नाही, त्याची भीती. वारा आहे, त्याची भीती. काही आठवडे गेले आणि एक दिवस भिंत धरून जागेवर लावणारा एक जण खाली बघत म्हणाला, "रात को नींद नहीं हुआ मॅडम. बच्चा बीमार है. मेरेको आज ऊपर का डर है." कुणी हसलं नाही. नंदाने त्याला दिवसभर खाली गेटवर ठेवलं आणि हजेरी पुरी लावली. त्यानंतर खऱ्या भीती बाहेर यायला लागल्या. मी प्लॅनिंगवाली, मला आधी हा वेळेचा अपव्यय वाटला होता. पण ज्या साइटवर भीती बोलून दाखवतात तिथे क्रेन कमी वेळा थांबते, हे मला माझ्याच तक्त्यांत दिसत गेलं.

ही साइट चारकोपला होती. कंपनीचं नाव लिहीत नाही. सेक्टरमधल्या जुन्या बैठ्या इमारती पाडून तिथे उंच इमारत जोडत होतो, आणि जुने रहिवासी भाड्याच्या घरांत दिवस मोजत होते. त्यांतले सावंतकाका दर सकाळी गेटवर यायचे. गिरणीत होते, मालवणकडचे, पायात रबरी चपला आणि हातात बिस्किटांचा पुडा. त्यांचं घर सातव्या मजल्यावर येणार होतं. "गो बाय, माझो मजलो खंयसर इलो?" नंदा म्हणायची, "काका, घाई करू नका, नीट होऊ द्या." "माका घाई नाय गो. वयाक घाई आसा." मग दोघं बिस्किटं खायची. नंदा त्यांना खोटी तारीख कधी सांगायची नाही. आत येताना मला म्हणायची, "शैला, या म्हाताऱ्याला उशीर केला तर तो भाड्याच्या खोलीत जाईल. घाई केली तर इथे. सांग, कुठली भीती मोठी?"  आणि हेल्मेट चढवून जिन्याकडे वळायची.

मग मुख्य ऑफिसने स्वच्छतेचं बक्षीस काढलं. लीनमध्ये जागा नीटनेटकी ठेवण्याला मोठं महत्त्व आहे, आणि ते योग्यच आहे. आठवड्यात ज्यांचा मजला सगळ्यात चकाचक, त्या टोळीला बिर्याणी आणि फलकावर फोटो. मजले खरोखर चमकायला लागले. दुसऱ्या मजल्यावर नंदा गेली तर भिंती आरशासारख्या. एकही ओघळ नाही. ग्राऊटवाल्या टोळीने ओले असतानाच सगळे ओघळ फडक्याने पुसून, बुचांवरून सिमेंटचा मसाला फिरवून, भोकं होती हेसुद्धा कळू नये असं काम केलं होतं. भरलेली नळी आणि रिकामी नळी, दोन्ही दिसायला सारख्या. सलीमभाई कौतुकाची वाट बघत उभे.  नंदाने सगळा मजला थांबवला आणि वरची सगळी भोकं फोडायला लावली.

सगळ्या नळ्या काठोकाठ भरलेल्या निघाल्या. एकही कमी नाही. दिवस फुकट गेला, ट्रेलर परत पाठवावे लागले. आमचे प्रोजेक्ट मॅनेजर देशमुख सगळ्यांसमोर म्हणाले, "झाली का मनाची शांती, नंदा मॅडम?" पुढे बरेच दिवस ती जिन्यातून आली की कुणीतरी मागून "शांती, शांती" म्हणायचं. ती हसायची. मला जेवताना म्हणाली, "भरलेल्या निघाल्या म्हणजे मी चुकले का गं?" मी म्हटलं, "वेळापत्रकाच्या हिशेबाने चुकलीस." "आणि तुझ्या हिशेबाने?" मी डबा बंद केला. तेव्हापासून तिने नियम केला: ती बघेपर्यंत ओघळ पुसायचा नाही. ती गुडघ्यांवर बसून एकेक ओघळ बघायची, निळ्या खडूने खूण करायची आणि मग स्वतःच्या हाताने पुसायची. बक्षीस देणारे यायच्या आत मजला पुन्हा चकाचक.

जानेवारीच्या सुरुवातीला तिला ताप आला. दमा तिला लहानपणापासून होता. न्यूमोनिया झाला आणि तिला दवाखान्यात ठेवलं. आम्हाला वाटलं, चार दिवसांत येईल. मी शुक्रवारी भेटायला गेले तेव्हा तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तो बाजूला करून म्हणाली, "इथे एकदम लीन आहे बघ. डॉक्टर साठवून ठेवत नाहीत. लागेल तेव्हाच येतात." श्वास घेतला. "...लागलं तरी येत नाहीत." उषा रागावली, मास्क पुन्हा लावला. नंदाने तो परत काढला. "सातवा झाला?" "झाला. आठव्याच्या भिंती उभ्या राहिल्या." "सातव्याचे ओघळ कुणी बघितले?" मी म्हटलं, "बघितले असतील कुणीतरी."  तिच्या नजरेत पालीला बघितल्यावर असायची तीच साधी भीती होती. "असतील?" एवढंच म्हणाली. मी म्हटलं, उद्या विचारते.

शनिवारी विचारलं. तिच्या जागेवर तात्पुरता दुसऱ्या साइटवरचा मुलगा आला होता, तो म्हणाला, मला आठव्यापासून बघायला सांगितलंय. सलीमभाई त्या दिवसांत गावी गेलेले, नुकतेच परतले होते. ग्राऊटची टोळी नवी होती. टोळीचा म्होरक्या अगदी अभिमानाने म्हणाला, "झकास हुआ है मॅडम. एकदम साफ." मी सातव्यावर गेले. साफ होता. फलकावर त्याच मजल्याचा फोटो लागला होता. भिंतींना आधार देणारे लोखंडी टेकू काढून वर नेले होते. मी एका भिंतीच्या पायाशी तळवा टेकवला. गार, गुळगुळीत, काहीही न सांगणारी भिंत.   संध्याकाळी उषाला फोन केला, तर नंदाला अतिदक्षता विभागात हलवलं होतं. बोलणं झालं नाही.

आणि रविवारी ती गेली. दुपारी घाटकोपरला स्मशानात पांढऱ्या कपड्यांत सगळी जमली, वंदना झाली, पंचशील म्हटलं. देशमुख आले होते, सलीमभाई आले होते, साइटवरची अर्धी माणसं आली होती. सावंतकाकाही बस बदलत बदलत पोचले होते आणि कुणाशी न बोलता एका बाजूला उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला सातवा मजला दिसला. त्यांची बिस्किटं, चपला, एखादी खाट... आणि भिंतीच्या पायाशी ती गार जागा. मला रडू यायला हवं होतं. मी मनात सातव्याच्या भिंती मोजत होते.

संध्याकाळी घरी येऊन मी देशमुखांना फोन केला. "सातवा उघडून बघायचाय."  वाईट माणूस नाही तो. "शैला, आज नंदा गेली आहे. तू हललेली आहेस." "हललेली आहे. आणि सातवा तिने बघितलेला नाही. कुणीच बघितलेला नाही." "मागच्या वेळी काय झालं आठवतंय? सगळ्या भरलेल्या होत्या." "आठवतंय." "उद्या नवव्याचे ट्रेलर येतायत. ते रस्त्यावर उभे राहतील, वाट लागेल. आणि तू प्लॅनिंग बघतेस, क्वालिटी नाही. तुला कुणी विचारलंय?" मला शुक्रवारी नंदाने विचारलं होतं, असं मी म्हणाले नाही. ते म्हणाले, "दोन दिवसांनी शांतपणे बोलू." दोन दिवसांत त्या मजल्यावर आणखी एका मजल्याचं वजन येणार होतं. ते वेळापत्रक मीच बनवलं होतं, तेव्हा मला ते कुणी सांगायची गरज नव्हती.

मग मी कणीक मळली, पोळ्या केल्या, भांडी घासली. दोन भीती होत्या आणि दोन्ही मला स्पष्ट दिसत होत्या. उघडलं आणि सगळं भरलेलं निघालं, तर ट्रेलर अडवल्याचा ठपका माझ्यावर, आणि पन्नाशीच्या बाईला या धंद्यात दुसरी नोकरी कोण देतं? जन्मभर जिन्यात माझ्या मागे "शांती" ऐकू येणार. नाही उघडलं, तर ती दुसरी भीती माझी एकटीची, कायमची, आणि तिचा पत्ता सावंतकाकांच्या घराचा. ज्या रहिवाशांनी ही इमारत ओळखली असेल त्यांच्यासाठी इथेच सांगून ठेवते की पुढे बाहेरच्या तज्ज्ञांनी त्या इमारतीतली नळी न् नळी तपासली आहे, तेव्हा त्यांनी घाबरू नये. पण त्या रविवारी तपासलेलं काही नव्हतं. नंदा इतकी वर्षं रोज हे असं घेऊन घरी जात होती, आणि मी तिला भित्री म्हणत होते, हे मला पोळ्या भाजताना कळलं. तिची आठवण म्हणाल तर ती मला अशी आली.

सोमवारी सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर पोचले. सगळे गोल करून उभे होते. नंदाची जागा कुणी घेतली नव्हती, गोलात तिथे फट होती. सलीमभाईंनी कामं वाचून दाखवली आणि डर मीटिंग गाळून पुढे जायला लागले. मी म्हटलं, "थांबा, फेरी राहिली." मग मीच सुरुवात केली. "मला सातव्या मजल्याची भीती वाटते." देशमुखांनी माझ्याकडे बघितलं. टोळीचा म्होरक्या म्हणाला, "वो तो साफ है मॅडम." "हां. इसीलिए."  मग सलीमभाईंनी हेल्मेटचा पट्टा आवळला. "मेरेको भी है," ते म्हणाले. त्यांच्यामागे क्रेनला इशारे करणारा म्हणाला, मलाही. देशमुख "तुमची जबाबदारी" एवढंच बोलून ऑफिसात गेले.

गेटबाहेर ट्रेलर उभे राहिले, हॉर्न सुरू झाले. आम्ही सातव्यावर गेलो. सलीमभाईंनी छिन्नीने पहिल्या भोकावरचा मसाला फोडला, बूच उपटलं. मी गुडघ्यांवर बसले, बांधायच्या तारेचा एक तुकडा घेतला आणि आत घातला. लगेच टणक लागलं. भरलेली. दुसरी, भरलेली. तिसरी, चौथी... सगळीकडे तार टेकताच थांबत होती. मागे कुणीतरी घसा खाकरला. भिंत संपली. सलीमभाई म्हणाले, "चलो मॅडम, हो गया?" मी म्हटलं, "पुढची भिंत."

पुढच्या भिंतीच्या कोपऱ्यातल्या नळीत तार घातली तेव्हा ती थांबली नाही. आत गेली, वळली आणि खाली खाली जात राहिली, माझी मूठ भिंतीला टेकेपर्यंत. खाली हॉर्न वाजत होते. मी तार बाहेर काढली नाही. आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी तशीच राहू दिली, आणि सलीमभाईंना म्हटलं, क्रेनवाल्याला खाली बोलवा, मजला रिकामा करा.